कळांच्या इंजेक्शनाचा फ्रिज

प्रसूतिगृहाच्या बाकावर सुनेची वाट बघत टोपडं विणणाऱ्या आजींना शेजारचं सगळं ऐकू येत होतं. शेजारी बसले होते याच दवाखान्यातले औषधभांडाराचे काका. आज ते रजा टाकून लेकीच्या बाळंतपणाला आले होते. समोर सिस्टर उभी होती.

"काका, कळा मंदावल्या होत्या, म्हणून अर्ध्या तासापूर्वी सलाइनमधून कळांचं इंजेक्शन सुरू केलंय."

"कुठल्या फ्रिजमधलं?"

"तुमच्याच. दुसरा आहे कुठे?"

"सकाळी पारा कितीवर होता?"

"पाचवर. वहीत लिहिलंय."

"दार नीट लागलं होतं?"

"माझी पाण्याची बाटली त्यातून काढून तुम्ही उन्हात ठेवलीत, तेव्हापासून दार दाबून लावते. आम्ही तर त्या फ्रिजला काकूंची सवत म्हणतो."

"घरीही तेच नाव आहे. पण ते इंजेक्शन उबेला राहिलं की त्याचा जोर जातो. मग नुसते थेंब वाढवत बसायचं, आणि पोरीनं छताकडे बघत पडायचं."

"तेच सांगायला आले. थोड्याच थेंबांत कळा छान लागल्यात."

तासाभरानं सिस्टर पुन्हा आली.

"नात झाली, काका. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत."

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"आम्ही केक मागवलाय. काकू येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू?"

"कुठल्या?"

"दुसरा आहे कुठे?"

"मग आत्ताच कापा. या आजींपासून सुरुवात करा."