पुढचा खांदा

आनंदीबाई : खांदा दुखतोय? परवा होळीचा माड खांद्यावर नाचवत आणलास, तवा नाय दुखला?

केरू : तेव्हाच लचकला, वयनी. उद्या देवीच्या पालखीला मी नाय. पुढच्या दांडीला माझ्या जागी खालच्या वाडीतला पोरगा लागेल, दर्शन. तेवढंच सांगायला आलो.

आनंदीबाई : तेवढ्यासाठी वाडीच्या त्या टोकावरना आलास? बस. पाणी घे. आता खरा काय ता सांग.

केरू : उद्या पालखी तुझ्या दारात थांबणार नाय.

आनंदीबाई : कोण बोलला?

केरू : देवळात बैठक झाली. गावचे मानकरी नि आमची युनियन. आता घराघरातलं कोणी ना कोणी कंपनीत हाय. ठराव झाला, संपात ज्यांनी गेट ओलांडलं त्यांच्या दारात पालखी नाचवायची नाय.

आनंदीबाई : युनियनचा सेक्रेटरी माझाच दीर. हात वर केलास?

केरू : एकमताने झालं.

आनंदीबाई : म्हंजे केलास.

केरू : वयनी, अख्खा पावसाळा गेटवर काढला आम्ही. पोरं भिजली, आजारी पडली. नि तुझा पोरगा चिराग कंपनीच्या गाडीतून, काचा वर करून आत गेला. लोकांना लागणारच ना?

आनंदीबाई : माझी सून संस्कृती खेडच्या दवाखान्यात आडवी हुती. पोट फाडून नात झाली, आरोही. सायबानं सांगितलान, कामावर ये, नायतर दवाखान्याचा कार्ड बंद. चिराग आधी तुझ्याकडं आला हुता. काय बोललास त्याला?

केरू : थोडी कळ काढ म्हटलं.

आनंदीबाई : कळा ती काढतच हुती, बाबा.

केरू : एकाला सूट दिली तर एकजूट राहील काय? मॅनेजमेंट टपूनच बसलीय.

आनंदीबाई : नि तुमचा पुढारी? त्यानं मुंबईत बसून संप मिटवलान, तुमाला कधी कळला?

केरू : पेपरात वाचलं.

आनंदीबाई : गेटवर भिजणाऱ्यांना पेपरात! फोटोत तो नि कंपनीचे सायब, दात काढून. ज्यांच्यासाठी संप केलात, ती कंत्राटी पोरं कायम झाली?

केरू : नाय. विचार करू म्हणालेत.

आनंदीबाई : मंग त्याच्या दारात तरी पालखी जाणार नाय?

केरू : तो झेडपीला उभा हाय. उद्या सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी बसली, की तिथंच त्याचा सत्कार. शाल नि नारळ.

आनंदीबाई : म्हंजे संप मिटला नि कवित्व तेवढा माझ्या दारात ऱ्हायला.

केरू : मला काय बरं वाटतंय काय? तोंड उघडलं असतं तर मीच फुटीर ठरलो असतो. भ्यालो, वयनी.

आनंदीबाई : तुझा दादा गेला त्या शिमग्याला आठवतंय? सुतकाचा घर म्हणून पालखी पुढं न्यायची ठरली हुती. ती वळली नि माझ्या उंबऱ्याशी येऊन टेकली. पुढचा खांदा तुझा हुता. रडत बोललास, वयनी, मी नाय आणली, देवीनंच ओढलीन.

केरू : ओढलीच होती. आईशप्पत.

आनंदीबाई : मंग उद्या ओढलीन तर?

केरू : ओढणार नाय.

आनंदीबाई : कशावरना?

केरू : ठराव झालाय.

आनंदीबाई : देवीनं पण हात वर केलान?

केरू : म्हणून तर मी खांदाच देत नाय! तुझ्या दारावरून पुढं जायला माझे पाय उचलणार नायत.

आनंदीबाई : आरोहीचा पयला शिमगा. संस्कृतीनं ओटीचा खण काढून ठेवलान. रांगोळी कुठपर्यंत घालू, विचारतेय. काय सांगू तिला?

केरू : सांग, यंदा वाट बदलली.

आनंदीबाई : खोटा कशाला? घालू दे रांगोळी. मी दार उघडा ठेवीन, दिवा लावीन.

केरू : सगळ्या गावासमोर शोभा होईल, वयनी.

आनंदीबाई : होऊ दे. सरक इकडं, तेल चोळते. कुठला खांदा बोललास?

केरू : उजवा.

आनंदीबाई : मघाशी डावा धरून बसला हुतास.

(केरू तेलाची वाटी बाजूला सरकवतो.)

आनंदीबाई : उद्या पुढं तूच ऱ्हा, केरू. माझ्या दारावरना पालखी न्यायचीच झाली, तर परक्या पोरानं कशाला, तू ने.