राहून गेलेला तारा

हॅलो?… हां, बोल एंजल… समर्थ? बरा आहे… हो, हो, आता ताप नाही… नाही गं, दवाखान्यात नाही नेलं… हा काय, इथेच चादर ओढत बसलाय…

काय?… तुझ्या आईंनी?… नगरला, चर्चमध्ये?… आज सगळ्या मंडळीसमोर समर्थचं नाव घेऊन प्रार्थना मागितली?… अगं, कशाला!… नाही, वाईट नाही वाटलं… पाळकसुद्धा विचारत होते? अरे देवा…

एंजल, ऐक ना… आधी ऐक. त्याला ताप नव्हताच.

…नव्हता गं. काल रात्री दुर्बिणीची वेळ आपली होती, मी घरूनच लॅपटॉपवर ती चालवत होते, तेव्हा गाढ झोपला होता. मीच सारखी उठत होते. श्वास नीट चालू आहे ना, पांघरूण तोंडावर तर नाही आलं… हो, तुझा तान्हा तारा घेतला. इन्फ्रारेड वर्णपट छान आलाय. पण लगेच शेजारचा साधा तारा घ्यायचा, आपली हवा वजा करायला… तो राहिला. परत येऊन बसले तर वेळ संपलेली…

कळतं गं मला! आता ती पाण्याची खूण ताऱ्याभोवतीच्या बर्फाची, की आपल्याच हवेतल्या वाफेची, कसं वेगळं काढणार तू?… तुझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण… हो… बोल, काय बोलायचं ते बोल.

…सरांना मेसेज करताना लाज वाटली. विसरले असं कसं लिहू? लिहून टाकलं, समर्थ तापलाय. धडधाकट लेकराच्या नावावर ताप खपवला मी! सकाळपासून सारखी त्याच्या कपाळाला हात लावून बघतेय…

काय?… तापच राहू दे?… हो, सर पुन्हा वेळ मागणारेत… आजारपण लिहिलं तर समिती ऐकेल, मान्य… सर्टिफिकेट? समर्थच्या नावाचं?… नाही, एंजल… नाही गं… तुझं वर्ष जाईल, कळतंय मला… अगं, रडू नकोस ना… तुझी काळजी नाही असं कसं म्हणतेस?…

थांब. सरांचा फोन येतोय, अर्जासाठीच असणार… घेणार आहे… मी विसरले, असंच सांगणार… आईंना तू काही सांगू नकोस, पुढच्या रविवारी मी स्वतः नगरला येऊन सांगते… हो?… बरं. नको बोलूस माझ्याशी.

ठेवते.