मालूची पावडर

— आनी पावडरीच्या चिठ्ठीवर औषधाच्या जागी ‘खाणं’ म्हणून काय लिवलायसा सायेब? खाणं मागाय मी काकतीवरनं बेळगावला विम्याच्या दवाखान्यात कशाला यीन? खाणं घरात हाय की — भाकरी हाय, आमटी हाय, दारात म्हस हाय. पर ही माझी मालू, आणीबाणीत जन्मल्याली, पाच वर्साची हुत आली तरी हिला दूध पचत न्हाय. घोटभर प्याली की पोट फुगतं, दिवसभर ढाळ. डाक्टरनीच चिठ्ठी दिल्ती — बिनदुधाची पावडर, ह्येच हिचं औषध. मालक फौंड्रीत हाईत, पगारातनं विम्याचं कापत्यात, म्हणून म्हैनाभर बगूया म्हणून तुमीच डबे दिलासा. व्हय, दिलासा, मी कुठं न्हाय म्हणते?

वजन वाढलं न्हाय, ठावं हाय मला. काट्यावर म्याच उभी केलती न्हवं तिला — जीव थाऱ्यावर न्हाय तवापासनं. पर म्हणून पावडरीचा उपेग न्हाय आसं कसं लिवतासा? चांगली हाय पावडर. आमच्या जावेचा धाकटा, परशराम, बगा कसा गुटगुटीत झालाय —

तसं न्हवं. आता कसं सांगू. एका चुलीवरचं घर आमचं. मी डबा उगडला की जावेची चार पोरं वाट्या घिऊन म्होरं बसत्यात. त्येंच्या देखत एकट्या मालूला कसं पाजू? दिष्ट लागती सायेब, खाल्लेलं अंगी लागत न्हाय. म्हणून आदी त्येंना घोट घोट, मग मालूला. उरंल त्ये. म्हंजे — उरत हुतं की. कमी पडलं तर पाणी घालून वाढवायची मी. हिच्या बऱ्यासाठीच केलं न्हवं? आई हाय मी हिची.

आवो, त्ये कशाला लिवतासा? थांबा की. आसं करा — डब्यावर दवाखान्याचा शिक्का मारून द्या, औषध म्हणून. औषधाच्या बाटलीला घरात कोण हात लावत न्हाय बगा. मग सांगीन मी, ह्ये औषध हाय रं पोरांनो, ह्येला वाटी म्होरं करायची न्हाय. त्येंना पटंल. मलाबी पटंल.

जेवायला निगालासा व्हय? जावा, जेवून या. आमी बसतो हितंच.