शेट म्हणायला काय जातंय

नाय, पण मला एक सांगा, शेट म्हणायला काय जातंय? आमच्या कर्जतला चहावाला गिऱ्हाइकाला शेट म्हणतो, गिऱ्हाईक चहावाल्याला शेट म्हणतं, जमीन विकली की शेट, गाडी घेतली की शेट... आन् मी नवनाथ, भिसेगावचा, एक टेंपो, तोबी जुना, मला पन्नास वर्षांत कुणी शेट म्हटलं नव्हतं, आन् म्हटलं कधी? पोरीच्या साखरपुड्यात, माईकवर!

तुमाला सांगतो, ठरलं काय होतं. लग्न साधं, दारातच मांडव, खर्च निम्मा-निम्मा. मुलगा आमच्या सुरभीनं स्वतः पसंत केलेला, कशेळ्याचा, बाप साधा माणूस, पण चुलता लडकूशेट... तो हे निम्म्याचं मोडायला नुसता निमित्त शोधत होता. म्हणून साखरपुड्यादिवशी मी सकाळीच माईकवाल्या हर्षदला गाठला, म्हटलं, बाबा रं, माझ्या नावाला शेट लावू नको. तर म्हणतो, "काका, मुलीचे बाप तुमी, शेट म्हणायला काय जातंय?"

मी मांडवात घाम पुसतोय, आन् शेजारी आमचे आबाजी गुरुजी, त्यांना हीच वेळ मिळाली... "नवनाथ, शेट म्हणजे मूळचा श्रेष्ठी बरं का. व्यापाऱ्यांचा पुढारी. पुढं पेठेचा मानकरी तो शेट्या. म्हणजे बघ, पैसा आणि हुद्दा, दोन्ही एकाच शब्दात..." म्हटलं, गुरुजी, जरा गप बसा हो, माझ्याकडं दोनातलं एकबी नाय.

तेवढ्यात माईक खरखरला. "मुलीचे वडील, भिसेगावचे प्रतिष्ठित, श्रीमान नवनाथशेट यांचं शाल-श्रीफळ देऊन स्वागत!" झालं. लडकूशेट उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आन् अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "व्याही शेट हायत, मग निम्मा खर्च कशाला? लोक हसतील आमाला. हॉल शेट करतील. काय शेट?"

सुरभी माझ्याकडं बघतेय, डोळे भरलेले, बायको नंदा नको नको म्हणून मान हलवतेय... आन् खरं सांगू? खांद्यावर शाल होती, शब्द गोड लागला होता. मी म्हटलं, करू की.

लग्न हॉलमधीच झालं. पोरगी सुखात हाय, माझी काय तक्रार नाय. टेंपो तेवढा विकला. आता तिच्याकडं जायचं तर शेअरच्या जीपनं जातो. परवा मागच्या बाकावर अंग चोरून बसलेलो, अजून एक पासिंजर आला, तर ड्रायव्हर वळून मला म्हणतो, "शेट, जरा सरकून घ्या."

सरकलो. त्याचं काय जातंय...