पुसदचे पांढरे पट्टे

भाऊ, आमच्या पुसदच्या नव्या रस्त्याचं कौतुक मले सांगू नका. त्यानं माही पार इज्जत घालवली.

बोरी अरबचे माहे मामा आलते. मी मोठ्या ऐटीत त्यायले चौकात नेलं. म्हटलं, "मामा, आता पायी चालणाऱ्याचा मान पहिला. या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवा, गाडी आपोआप थांबते."

दोन्ही बाजूले रस्ता ओलांडाले माणसं उभे होते. मामानं पाय ठेवला. समोरून येणारा ऑटो खरंच थांबला. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं आन् म्हणे, "निघा, काका."

मामा जागचे हलतच नाहीत. "बंद पडला का बे?"

"पडला नाही काका, तुमच्यासाठी बंद केला."

"माह्यासाठी आजवर कोणी थांबलं नाही, तू कायले थांबशीन? लाजू नको. चालू करून दाखव."

त्यानं चावी फिरवली. ऑटो खोकला आन् गप्प झाला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

मामानं माह्या गळ्यात पिशवी अडकवली, धोतर खोचलं आन् मलेही धक्का माराले लावलं.

आता मामा गावभर सांगून राह्यले, "पुसद लय सुधरलं! बंद पडलेली गाडी उभी कराले रस्त्यावर पांढरे पट्टे मारले. आन् धक्का माराले दोन्ही बाजूले माणसंही उभे ठेवले."