शेवंतीला इच्यारा

...आणि वर तोंड करून म्हणतोय, "गणपतराव, नवीन काय?" न्हाय, तुमीच सांगा, सकाळी पावणेसातला, च्याचा पयला घोट अजून घशाखाली उतरला न्हाय, आणि माणसाला असं कोण इच्यारतंय व्हय? सव्वीस वर्षं झाली मला कोल्हापुरात रेडिओवर बोलत! रोज सकाळी सातला माईकम्होरं बसायचं, पितळंचा तांब्या चमच्यानं तीनदा वाजवायचा, टण टण टण, आणि वरडायचं, "उठा की ओ पावणं, दिस कासराभर वर आला!" माझं लगीन झालं, पोरगी झाली, पोरगीचं लगीन झालं, तांब्याला दोन पोचं आलं, पण आरोळी तीच. लोकं ऐकत्यात, मी वरडतोय, चाललंय की! मग नवीन काय म्हंजे काय?

तर हे इच्यारणारं म्हंजे आमचं नवीन साहेब, पृथ्वीराज. वय एकतीस. दाढी अशी कोरल्याली की बघत ऱ्हावं. सोमवारी मला केबिनमदी बोलीवलं. "गणपतराव, तोच तांब्या, तीच आरोळी. शुक्रवारपर्यंत काहीतरी नवीन करून दाखवा. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून सात ते आठ नुसती गाणी. माणूस नको."

माणूस नको! तसाच भाईर आलो, वही घेतली, वर लिवलं 'नवीन' आणि खाली काय सुचंल तर शपथ. मंगळवार गेला. बुधवारी कळंब्याच्या तळ्यावर जाऊन बसलो, म्हटलं पाण्याकडं बघून काय तरी येईल. दोन तास! काय आलं? डास आलं! घरात पाय ठेवतोय तवर बायको, "अवो, सुचलं का काय नवीन?" आता तू बी?

आणि खरं सांगू? साहेबावर राग न्हवता ओ. भ्या वाटत हुतं. कारण गेली कैक वर्षं मी माईकम्होरं झोपंतच बोलत हुतो, आणि ते ह्या कालच्या पोरानं वळकलं हुतं. आतलं समदं आटलं आसंल तर? ह्या वयात दुसरं येतंय तरी काय मला?

गुरवारी संयोगिता, म्हंजे आमची बायको, म्हणाली, "सव्वीस वर्षांत जे बोलला न्हाईसा, ते बोला की. आणि त्यो तांब्या द्या हिकडं, मला देवाम्होरं ठेवाय हुईल." घेतला की काढून!

शुक्रवार. सात. लाल दिवा लागला. काचंपल्याड साहेब हाताची घडी घालून हुबं. माझ्या हाताम्होरं तांब्याची जागा रिकामी. एक सेकंद, दोन, तीन... रेडिओवर तीन सेकंद गप बसणं म्हंजे काय असतंय ठावं हाय का? माणूस मेला काय म्हणून लोकं फोन करत्यात! आणि मग हळूच, न वरडता, मी सकाळी येताना काय बघितलं ते सांगाय लागलो. तालमीच्या दारात लंगोट वाळत घालणारं म्हातारं वस्ताद. उचगावला रातपाळी करून आल्याला, मांडीवर रिकामा डबा घिऊन बसस्टॉपवर झोपल्याला गडी. बोलता बोलता मला माझाच आवाज नवा वाटाय लागला ओ! अंगावर काटा! काचंपल्याड साहेबानं घडी सोडली!

सात वाजून बारा मिन्टं. फोनचा दिवा लागला. एक, दोन, सा दिवं! म्हटलं, जिंकलो! नवीन काय, नवीन काय करत हुतासा, ह्ये घ्या! उचलला फोन, थेट हवेत, समदं कोल्हापूर ऐकतंय.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"बाळासो बोलतोय, गंगावेशीतनं! ओ गणपतराव, तांब्या का वाजवंना झालासा? म्हस पान्हवंना की!"

आता गंगावेशीत म्हशी आणून हुब्या करत्यात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत गिलासात धार काढत्यात, ते तुमास्नी ठावं हाय. पर ह्या बाळासोची शेवंती! रेडकू असल्यापास्नं गोठ्यात रेडिओ ऐकत वाढल्याली! "तुमचा तांब्या वाजला की तिला पान्हा फुटतोय, तुमी वरडलासा की धार लागती. आज बारा मिन्टं झाली, कान टवकारून रेडिओकडं बघाय लागलीया! हितं सात पैलवान गिलास घिऊन हुबं हायत!" आणि मागनं एक घोगरा आवाज, "आज दूध हाय का न्हाय रं?"

तांब्या घरात, देवाम्होरं! साहेब पळत आत आलं, त्यांच्याकडची स्टीलची बाटली हिसकावली, बडवली, टक टक टक...

"ह्यो न्हवं ओ! लाथ मारली की तिनं!"

मोबाईलवरनं घरी फोन. "संयोगिता, तांब्या वाजव!"

"अवो, पूजा चाललीया!"

"देवाला म्हणावं थांब दोन मिन्टं!"

मोबाईल धरला माईकला. टण, टण, टण. आणि मी, जीव खाऊन, "उठा की ओ पावणं, दिस कासराभर वर आला!" समदं कोल्हापूर कान लावून बसल्यालं. माझी नोकरी म्हशीच्या कासंत अडकल्याली! आणि मग...

"सोडला! सोडला ओ पान्हा!" आणि सात पैलवानांची अशी आरोळी की काच हादरली. बाकीचं पाच फोन? समदं गंगावेशीतनंच. तालमीतल्या वस्तादाबद्दल, झोपल्याल्या गड्याबद्दल एकानं, एकानं तरी इच्यारावं? न्हाय!

त्याच दुपारी मला सुचाय लागलं. धरण फुटल्यागत! वही भरली, दुसरी आणली. आज सोमवार, दोन्ही वह्या घिऊन साहेबाच्या केबिनीत गेलो. म्हटलं, "साहेब, इच्यारा की, नवीन काय?"

साहेबानं वह्या उघडल्यासुदीक न्हाईत. माझ्या हातात तांब्या दिला, स्वता माझ्या घरी जाऊन आणला हुता म्हणं! "गणपतराव, नवीन काही नको. एक शब्द बदलायचा नाही. बाळासो म्हणतो, शेवंती अजून चार वेतं सहज देईल."

चार वेतं! म्हंजे अजून चारदा व्यायची, तवर माझी नोकरी पक्की. आता मला कुणी इच्यारलं ना, गणपतराव, नवीन काय, तर मी सांगतो... वह्या तयार हायत, पर आदी म्हशीला इच्यारून या.