कडक घरमालकीण

—छे छे, ‘संबंध चांगले आहेत’ असं नका लिहू त्या कौन्सिलच्या फॉर्मवर, मिस प्रॉक्टर. खोडा ते. मी एवढंच म्हणालो की बाई वर राहते, मी खाली राहतो आणि मधे जिना आहे. त्यात चांगलं कुठं आलं? कडक बाई आहे ती. लिहा, कडक. अशी घरमालकीण अख्ख्या फ्लीटवुडमध्ये शोधून सापडायची नाही तुम्हाला. बसा ना — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मी कालच चिकटवलाय, अजून वाळला नसेल — इथं बसा, हीटरजवळ. लावू का हीटर? मला नाही लागत हो. चाळीस वर्षं हेरिंग मासे टांगून धुरी दिली, ती ऊब अजून अंगात आहे, आणि वासही आहे, तुम्हाला आला असेल, सॉरी बरं का. मी उभाच राहतो. बसून बोलायला जमत नाही मला. किती वाजले? सव्वातीन. चारच्या आत होईल ना आपलं? नाही, घाई अशी काही नाही. मला काय घाई असणार.

काय विचारत होतात — कडक म्हणजे काय केलं तिनं? एक सांगू? गेल्या डिसेंबरात मी बंदरावर निघालो होतो, नुसता असाच, बोटी बघायला. बोटी राहिल्यात कुठं म्हणा, पण पाय जातात. दारातून बाहेर पडलो आणि वरची खिडकी धाडकन उघडली. ‘मिस्टर हॅस्लम, मरायचंय का?’ — सगळी गल्ली ऐकतेय, पोस्टमन ऐकतोय — ‘मरायचं असेल तर शुक्रवारी भाडं देऊन मग मरा!’ आणि वरून काय आलं माहीत आहे? मफलर. सरळ माझ्या डोक्यावर. आता तुम्हीच सांगा, भाडेकरूशी असं वागतं का कुणी? तसा बरा होता मफलर. हाच तो, हा गळ्यातला. स्वतः विणलेला — म्हणजे असेल कुणाचा तरी विणलेला, मी विचारलं नाही.

हसू नका. हॉस्पिटलचंही लिहा. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा नऊ दिवस ब्लॅकपूलला पडून होतो, तर ही बाई दोन बस बदलून तिथं हजर. रोज. कशाला? भाडं मागायला, दुसरं काय! पलंगाशी बसायची आणि बघत राहायची माझ्याकडे. पायजमा? हो, पायजमा आणला होता, इस्त्री केलेला. माझाच. आणि कस्टर्डचा डबा. पण मागत होती भाडंच. मनातल्या मनात मागत असणार. तोंडानं बोलली नाही एवढंच.

नाही, नात्यातली नाही. मुळीच नाही. तिचा नवरा हॅरी रिमर आमच्याच गोदीवर क्रेनवर होता, तेवढी ओळख. तो गेला. दोन वर्षांनी माझ्या जुन्या मालकानं घर विकलं, तर मी एक सुटकेस घेऊन या दारात उभा. म्हणाली, ‘दोन नियम. भाडं शुक्रवारी, आणि पाय पुसून आत यायचं.’ अकरा वर्षं झाली त्याला. एक शुक्रवार चुकला नाही माझा, मिस प्रॉक्टर. वर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी नोटा ठेवतो, मिसेस रिमर दोनदा मोजतात, वहीत लिहितात, सही करतात आणि मग चहा — चहा नाही. चहाबिहा काही नाही. मोजतात आणि मी खाली येतो.

एकत्र जेवता का? कधीच नाही! शप्पथ. मी माझं करून खातो. ते? ते निळ्या झाकणाचं भांडं — ते तिचंच आहे, पण ते… वर जागा नाही ना भांड्यांना, म्हणून खाली ठेवते ती. उघडू नका. उघडलंत? बरं. तांदळाची खीर आहे. गुरुवारची. म्हणजे दर गुरुवारी जागा कमी पडते तिला.

थांबा जरा, पोरी, पेन खाली ठेवा. मला काही जमत नाही हे. घाम आला बघा, आणि हीटर तर बंद आहे. तसा मी बोलणारा माणूसही नाही. तुम्ही येणार म्हणून आठवडाभर घोकतोय. आर्नल्डनं शिकवलं — आम्ही डॉमिनो खेळतो एकत्र, त्याच्या मेहुण्याला मिळते ही घरभाड्याची मदत, त्याला सगळं माहीत असतं — तो म्हणाला, ‘क्लिफर्ड, कौन्सिलची बाई आली की एकच प्रश्न खरा असतो. भाडं थकलं तर मालकीण तुला बाहेर काढेल का? तू म्हण, काढेल. पटकन म्हण. अडखळलास की संपलं. कारण काढणार नसेल तर ते भाडंच नव्हे, ती माया झाली, आणि मायेला कौन्सिल पैसे देत नाही.’ म्हणून मी आरशासमोर उभा राहून म्हणत होतो — काढेल, काढेल, काढेल. दाढी करताना म्हणायचो. एकदा कापलं इथं.

विचारा ना मग. विचारा तुम्ही. नको, इतक्यात नको.

हा आवाज? पाईपचा. जुनं घर आहे. नाही — खोटं कशाला बोलू, पाईप नव्हे, पलंग. पलंग ओढतायत त्या. छप्पर गळतंय, मिस प्रॉक्टर. दोन हिवाळे झाले. आधी खिडकीकडे गळायचं, तर पलंग भिंतीकडे नेला. मग भिंतीकडे गळायला लागलं, तर मधे आणला. आता मधे बादली आहे, त्यामुळे पलंग दाराशी, आणि दार पूर्ण उघडत नाही, त्या आडव्या होऊन आत जातात. एकोणऐंशी वर्षांची बाई, गुडघा गेलेला. मी म्हटलं, मिसेस रिमर, तुम्ही खाली झोपा, मी वर झोपतो, मला ओल बाधत नाही. तर म्हणाल्या, ‘भाड्याच्या कागदावर तळमजला लिहिलाय, मिस्टर हॅस्लम, तळमजल्यावरच राहायचं.’ बघा! कडक म्हणतो ती ही अशी. हल्ली खुर्चीत झोपतात. मला म्हणतात, खुर्ची पाठीला बरी. मला ऐकू येतं ना खालून. खुर्ची कुणाच्याही पाठीला बरी नसते.

गवंडी येऊन बघून गेला. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून त्यांनी त्याला नुसता चहा दिला आणि पाठवून दिलं. मग पुतण्या आला प्रेस्टनहून, चकचकीत बूट घालून. ‘काकू, विकून टाक, एखाद्या वृद्धाश्रमात छान खोली घेऊ.’ छान खोली! आणि खालच्याचं काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी जिन्यात होतो, बल्ब बदलत होतो. तो म्हणाला, ‘खालचा बघेल त्याचं.’ तेव्हा त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. बल्ब हातातच राहिला माझ्या.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. पाय पुसून. म्हटलं, मिसेस रिमर, माझं भाडं वाढवा. त्या म्हणाल्या, डोकं फिरलंय का? म्हटलं, अकरा वर्षांत एक पौंड वाढवला नाही तुम्ही, आसपास सगळीकडे दीडपट झालंय. वाढवा. मी कौन्सिलकडे अर्ज करतो. माझं पेन्शन एवढंसं, मला मिळेल मदत, एका खोलीच्या घराला इथं किती देतात ते आर्नल्डनं विचारून आणलंय. वर्षभर ते पैसे बाजूला टाका, छप्पर होईल. घर राहील. तुम्ही राहाल. नाही नाही म्हणत होत्या, तीन शुक्रवार भांडलो आम्ही. मी वाढीव नोटा ठेवायचो, त्या परत सरकवायच्या. मी ठेवायचो, त्या सरकवायच्या. शेवटी मी म्हटलं, ठेवून घेत नसाल तर मी दुसरीकडे खोली बघतो. तेव्हा घेतल्या. वहीत लिहिलं. चहा दिला नाही त्या दिवशी.

मीच सुचवलं सगळं, बरं का. त्यांचं यात काही…

काय झालं? लिहायचं का थांबलात?

हे सांगायचं नव्हतं का मी?

असं होय. म्हणजे मदत मिळावी म्हणून भाडं वाढवलं, असं दिसतं ते. पण तसंच आहे ना, पोरी! त्यासाठीच वाढवलं. दुसरं कशासाठी वाढवणार होतो मी? चोरी नाही केली. भाडं खरं आहे, छप्पर खरं आहे, नोटा खऱ्या आहेत, गेले पाच महिने मी रात्रीचं जेवण… ते जाऊ दे. ते लिहू नका. किती वाजले? पावणेचार होऊन गेले? चार वाजता काय, ते सांगून टाकतो, आता लपवण्यासारखं काय उरलंय. रोज चारला त्या झाडूच्या दांड्यानं जमिनीवर तीन ठोके मारतात — ‘आहात ना?’ म्हणून. मी या काठीनं पाईपवर दोन मारतो — ‘आहे.’ दोन ऐकू आले नाहीत तर त्या जिना उतरून खाली येतात, तसला गुडघा घेऊन. म्हणून चारच्या आत व्हावं म्हणत होतो. तुम्ही आज येणार हे त्यांना सांगितलेलं नाही मी. त्यांना असलं आवडत नाही, कुणी येऊन विचारपूस केलेली.

हां, विचारा आता. तयार आहे मी. ‘भाडं थकलं तर…’ हो, तोच.

का…

बघा, पाण्याचा पेला कुठं ठेवला मी? आरशासमोर येत होतं हो. आरशात त्या नसतात ना. थांबा, माझ्याकडे कागद आहे! विसरलोच होतो की. मी बोलायची गरजच नाही. आर्नल्ड म्हणाला, लेखी असेल तर सगळ्यात भारी. म्हणून मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय, घर खाली करण्याची नोटीस. भाडं थकलं तर चालते व्हा, असं. म्हटलं, मिसेस रिमर, चांगलं खरमरीत लिहा, माझी गय करू नका. एक अख्खी संध्याकाळ बसल्या होत्या टेबलाशी. दोन कागद फाडले. मग पाकीट चिकटवून दिलं आणि म्हणाल्या, ‘उघडू नका. कचेरीतल्या माणसालाच द्या.’ उघडून तरी मी काय करणार होतो? छापलेलं एकेक अक्षर लावून वाचतो मी, पण हातानं लिहिलेलं सरपटत जातं नुसतं. चौदाव्या वर्षी धुरीच्या शेडमध्ये कामाला लागलो. माझे सगळे कागद त्याच वाचून दाखवतात मला. तुमचं पत्रही त्यांनीच — नाही, तुमचं नाही. तुमचं आर्नल्डनं वाचलं.

हे घ्या. फोडा. आता कळेल तुम्हाला कडक म्हणजे काय ते.

खरमरीत आहे ना?

आहे ना, पोरी?

अशा का बघताय? शिव्या दिल्यात का? दिल्या असतील तर असू देत, मीच म्हटलं होतं. वाचा ना मोठ्यानं. वाचा, मला चालेल.

…हळू वाचा. पुन्हा एकदा.

‘मिस्टर हॅस्लम यांनी मला सांगितलं की मी त्यांना घराबाहेर काढीन असं लिहावं. मी तीन वेळा प्रयत्न केला.’ हो, दोन कागद फाडले होते, सांगितलं ना मी तुम्हाला. पुढं? ‘मला ते लिहिता येत नाही. ते भाडं वेळेवर देतात. नाही दिलं तरी मी त्यांना काढणार नाही. छप्पर पडायचं तर पडो. खाली कुणीतरी आहे म्हणून मला वर झोप लागते.’

झोप लागते म्हणाल्या का? खुर्चीतही?

आणि खाली सही काय केलीय? मिसेस रिमर नाही? नुसतं… थेल्मा. बोट ठेवा त्याच्यावर. हे का ते? हे पहिलं अक्षर. हं. मी त्यांना कधी त्या नावानं हाक मारली नाही. हॅरी मारायचा.

तुम्ही काय म्हणताय ते ऐकू येतंय मला, पण आत जात नाहीये. भाड्याची वही पुरली असती? तुम्ही मघाशी आल्या आल्या फक्त वहीच मागितली होतीत? मागितली असेल. मी ऐकत नव्हतो, मी घोकत होतो. आता तुम्ही ऐकलंत ते ऐकलंत, मी ते परत घ्या म्हणणार नाही. तुमचीही नोकरी आहे. जे खरं ते लिहा. भाडं वाढवायला मीच सांगितलं, तेही लिहा. द्यायचं तर देतील, नाही तर आम्ही दुसरी बादली घेऊ.

पण हा कागद नाही.

नाही, फाईलमध्ये नाही जाणार तो. हो, तुम्हाला दिला मी, माझ्या हातानं दिला, आणि आता परत मागतोय. त्यानं अर्जाचं भलं होणार असेल तरी नको. लिहा, ‘अर्जदारानं कागद सादर केला नाही.’ कचेरीत कुणीतरी त्याला भोक पाडून दोऱ्यात ओवेल, पोरी, त्याच्यावर शिक्का मारेल. द्या. असं. घडी मोडू नका, तिच्याच घडीवर दुमडा.

चार वाजले बघा. ऐकलंत? एक, दोन… तीन.

ती काठी द्या जरा इकडे — नको, तुम्ही नका मारू, त्यांना हात ओळखू येतो. मीच मारतो. मारतो हो, जरा दम घेऊ द्या. तुम्ही निघा आता. जाताना दार नीट ओढून घ्या, ते फुगलंय पावसानं. आणि जिन्याशी आवाज करू नका.

जा ना, पोरी. वाट बघतायत त्या.